बोटभर मासा आणि दोन हेक्टरांची रेघ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीत, हिरण्यकेशीच्या उगमावरच्या देवळाच्या परिसरातली २.११ हेक्टर जागा राज्य सरकारने २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. निमित्त होतं एका माशाचं. आदल्याच वर्षी त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली होती, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. तेव्हापासून हा विषय निघाला की दोन तट पडतात. एका तटाच्या मते सह्याद्रीच्या शिरपेचात आणखी एक तुरा खोवला गेला, महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली, वगैरे. दुसरा तट विचारतो, बोटभर माशाचं एवढं कौतुक कशाला? शोधनिबंधाच्या तीन लेखकांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव तेजस ठाकरे नसते तर ही अधिसूचना निघाली असती का? मग पहिला तट चिडतो, दुसरा खिदळतो आणि वाद माशावरून घराण्यावर जातो. एकदा तिथे गेलेला वाद आपल्याकडे सहसा परत येत नाही.

तेव्हा घराण्याचं आधीच उरकून घेऊ. त्या नावामुळे फाइल भराभर हलली, असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. आपल्याकडे फायली कशाने हलतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मासा वेगळा आहे की नाही, हे आडनावावरून ठरत नाही. नवी प्रजाती म्हणजे पुराव्यासह छापलेला दावा असतो. नमुने संग्रहालयात ठेवलेले असतात, मोजमापं छापलेली असतात आणि ज्याला शंका आहे त्याने ती तपासून उलट निबंध लिहावा अशी त्या शास्त्राची रीतच आहे. टोमणा मारून प्रजाती रद्द होत नाही आणि सत्कार करून पक्कीही होत नाही.

माझं म्हणणं या दोन्ही तटांना आवडणार नाही. ओळख पटवणं हा संशोधकांचा चोचला नाही. संवर्धनाचं पहिलं पाऊल तेच आहे, आणि ते चुकलं तर पुढचा पैसा, कळकळ, कष्ट सगळं उलट्या दिशेने जातं. पण दोन हेक्टरांभोवती रेघ ओढली म्हणजे मासा राखला, हा समजही तितकाच पोकळ आहे. मासा जमिनीवर राहत नाही. तो पाण्यात राहतो, आणि ते पाणी रेघेच्या बाहेरून येतं.

आधी मासा बघू. शिस्टुरा ही तळाशी राहणाऱ्या माशांची जात. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या, अंगावर उभे पट्टे. वाहत्या, थंड, नितळ पाण्यात खड्यांच्या फटींतून हे मासे किड्यांच्या अळ्या टिपत असतात. काठावरून बघणाऱ्याला मासा असा दिसतच नाही. एका खड्यावरून दुसऱ्या खड्यावर काहीतरी सरकल्यासारखं वाटतं आणि पाऊल वाजलं की तेही नाहीसं होतं. असा मासा ओळखायचा म्हणजे परांतले काटे मोजायचे, पट्टे कुठे जाड कुठे तुटक ते बघायचं, ओठांची ठेवण भिंगाखाली तपासायची आणि पराचा लहानसा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए काढायचा. जुना नमुना फॉर्मलिनमध्ये मुरलेला असेल तर त्यातून डीएनए मिळणं मुश्कील, म्हणून पुन्हा त्याच ओढ्यावर जायचं. काम कंटाळवाणं आहे, त्यात फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून आपल्याला फक्त शेवटची बातमी कळते आणि शोध एका दुपारी लागला असं वाटतं.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, हल्ली प्रजाती फोडण्याची साथच आली आहे. दोन ओढ्यांतल्या माशांत दोन पट्ट्यांचा फरक दिसला की नवं नाव. उद्या कुणी सिद्ध केलं की हा वेगळा नव्हताच, तर त्याच्या नावाने केलेल्या संरक्षणाचं काय? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण असं घडल्याचा एक जगप्रसिद्ध दाखला आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात, लिटल टेनेसी नदीवर टेलिको धरणाचं काम चालू असताना १९७३ साली डेव्हिड एटनियर या प्राध्यापकाला तळाशी राहणारा, गोगलगाई खाणारा एक इटुकला मासा सापडला: स्नेल डार्टर. त्याच वर्षाअखेर तिथे संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला. मासा त्या यादीत गेला, खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९७८ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी माशाच्या बाजूने निकाल दिला. जवळजवळ पुरं झालेलं धरण एका माशासाठी अडलं, म्हणून जगभर टिंगल झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने धरणाला कायद्यातून सूट दिली आणि खोरं पाण्याखाली गेलं. मासे दुसऱ्या नदीत हलवले होते, नंतर आणखी काही ठिकाणीही ते सापडले, आणि २०२२ साली हा मासा संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. गोष्ट इथे संपली असं वाटत असताना २०२५ च्या जानेवारीत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जाहीर केलं की स्नेल डार्टर ही वेगळी प्रजातीच नाही. आधीपासून माहीत असलेल्या दुसऱ्या डार्टर माशाचीच ती पूर्वेकडची वस्ती आहे.

मग काय, सगळं मुसळ केरात? धरणवाले तेव्हा बरोबर होते? तसं म्हणणाऱ्यांनी मधलं एक पान वाचलेलं नसतं. निकालानंतर धरणाला सूट द्यावी की नाही हे ठरवायला मंत्रिपातळीवरची समिती नेमली होती. एका प्राण्याचं मरण-जगणं तिच्या हातात म्हणून लोक तिला ‘गॉड स्क्वॉड’ म्हणत. त्या समितीने १९७९ साली एकमताने सूट नाकारली आणि त्यामागे माशाचा कळवळा नव्हता. हिशेब साधा होता: बहुतेक खर्च होऊन गेलेला, फक्त उरलेला खर्च धरला तरी धरणाचा फायदा त्याहून कमी भरत होता. त्या खोऱ्यात सुपीक शेती होती, चेरोकी लोकांची जुनी गावं आणि दफनभूमी होती. धरण मुळातच आतबट्ट्याचं होतं, आणि ते कुणाला तरी तपासायला लावायची ताकद त्या क्षणी फक्त एका माशाच्या नावात होती. नाव पन्नास वर्षांनी बदललं म्हणून तो हिशेब बदलत नाही. शिवाय सगळे शास्त्रज्ञ येलच्या निष्कर्षाला मान डोलावतात असंही नाही. आणि आपल्याकडचा कायदा तर आणखी वेगळा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर होतं ते स्थळ. उद्या शिस्टुरा हिरण्यकेशीचं नाव दुसऱ्या एखाद्या नावात विलीन झालं, तरी तो उगम, तो गारवा आणि तिथली जीवसृष्टी विलीन होत नाही.

प्रजाती फोडण्याच्या साथीबद्दल बोलणारे लोक दुसऱ्या साथीबद्दल गप्प असतात. न ओळखता संवर्धन करायची साथ. तिचं उदाहरण परक्या देशात शोधायला नको, सुरुवात आपल्या लोणावळ्यातच आहे. तिथल्या वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास सुरू झाली. धरणांमुळे नद्यांतले महसीर घटले होते, त्याची भरपाई करायची हा हेतू. हेतू स्वच्छ होता, कामही मेहनतीचं होतं. पैदास व्हायची ती टॉर खुद्रीची, म्हणजे कर्नल साइक्सने १८३९ साली मुळा-मुठेतून वर्णन केलेल्या आपल्या दख्खनी माशाची. त्याची पिल्लं देशभर वाटली गेली आणि कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. महसीर तो महसीर! पण कावेरीत मूळचा दुसराच महसीर होता: पाठीवर कुबड, नारिंगी पर, पन्नास किलोच्या वर वाढणारा. साहेबाच्या काळापासून शिकारी त्याला गळाला लावून त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढत आले होते. आणि तरीही, विश्वास बसणार नाही, २०१८ पर्यंत या माशाचं शास्त्रीय नाव कुणी नक्की केलेलं नव्हतं. २००७ साली केरळातल्या पांबार नदीतल्या नमुन्यांना टॉर रेमादेवी असं नाव मिळालं होतं. कावेरीचा कुबडवाला तोच, हे अकरा वर्षांनी जुळलं. तोवर काय झालं होतं? कावेरीच्या एका पट्ट्यात गळाने मासे धरून पुन्हा सोडून देणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात सोडलेला निळसर पराचा महसीर वाढत गेलेला आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झालेला दिसतो. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हीही कारणं आहेतच. पण नदीत ‘महसीर वाढले’ म्हणून सगळे खूश असताना त्या नदीचा स्वतःचा महसीर संपत आला, हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण दोघांना एकच नाव होतं. आज हा मासा अतिसंकटग्रस्त आहे. ओळख पटवणं ही चैन आहे असं म्हणणाऱ्याने कावेरीचं हे उत्तर द्यावं.

साइक्सचं नाव निघालंच आहे तर थोडं त्याच्याबद्दल. हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला, आणि मासे गोळा करताना कोळी-भोई जे नाव सांगत तेच त्याने बऱ्याचदा शास्त्रीय नावात घालून टाकलं. खुद्री, कोलस, मुल्या, फुलुंगी. इंग्रजी वळणाने लिहिलेली ही नावं आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांचा मात्र त्या ग्रंथांत पत्ता नाही. पण मला इथे साइक्सच्या यादीचा दुसरा उपयोग सांगायचा आहे. पुण्याच्या नद्यांतले मासे त्याने लिहून ठेवले, नंतर १९४२ साली फ्रेझरने पुण्याच्या माशांची यादी केली, त्यानंतर पुण्याच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी पुन्हा पुन्हा केली. म्हणून मुळा-मुठेतून काय गेलं हे आपल्याला आज नावानिशी सांगता येतं. ज्या ओढ्याची यादीच झालेली नाही, तिथून काय गेलं हे कसं सांगणार? त्या ओढ्याबद्दल ‘इथे विशेष काही नव्हतं’ असा दाखला पर्यावरण अहवालात बिनदिक्कत देता येतो, आणि तो खोटा ठरवणारा कागद कुणाकडेच नसतो.

दुसरा भक्कम मुद्दा हौशी मत्स्यपालकांबद्दलचा. नवा, रंगीत, एकाच जागी सापडणारा मासा, आणि तुम्ही त्याचा पत्ता वर्तमानपत्रात छापता? चोराला किल्लीच देता! यात तथ्य आहे. केरळ आणि कर्नाटकातल्या ओढ्यांत सापडणारा लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसनी मासा हौशी लोक ‘मिस केरळ’ म्हणून ओळखतात. १९९७ साली सिंगापूरच्या शोभेच्या माशांच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि परदेशातून अशी मागणी आली की ओढेच्या ओढे उपसले गेले. केरळ सरकार २००८ मध्ये जागं झालं, काही महिने पकडायला बंदी घातली. आणि नंतरच्या अभ्यासात दिसलं की बंदीचे महिने आणि माशाच्या विणीचा मुख्य हंगाम यांचा मेळच नव्हता! नाव ठाऊक, किंमत ठाऊक, पण मासा अंडी कधी घालतो हे ठाऊक नाही. म्हणून पत्ता लपवणे हा यावरचा उपाय मला पटत नाही. आंबोलीत तर उगम देवळाजवळ आहे, तो लपणार कसा? आणि लपवलेल्या जागेचं रक्षण करायला गावातलं कोण पुढे येणार? शोध जाहीर करताना त्या माशाची वीण, खाणं, उन्हाळ्यातलं ठिकाण यांच्या अभ्यासाची तजवीजही त्याच दमात करायला हवी. आपण निबंध छापतो, वारसास्थळाचा फलक लावतो आणि पुढच्या शोधाकडे वळतो. गळती तिथे आहे.

तिसरा आक्षेप स्थानिकांचा, आणि तो ऐकताना शहरात बसून पर्यावरणावर बोलणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे जुन्या कबुलायतीवर (करारावर) गावकऱ्यांनी सामायिकपणे कसलेल्या जमिनींचा, प्रश्न दशकानुदशकं लोंबकळत आला आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर एक दिवस सरकारचं नाव लागलेलं ज्यांनी पाहिलं, ते आणखी एका अधिसूचनेकडे संशयाने बघणार नाहीत तर कसे बघणार? ‘आज माशासाठी दोन हेक्टर, उद्या गाव’ ही भीती वेडगळ नाही. पण नेमकं इथेच दोन्ही तट कायदा न वाचता भांडतात. वारसास्थळ म्हणजे अभयारण्य नव्हे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा जागी स्थानिक लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर कोणतंही बंधन येत नाही. गाव स्वखुशीने जे बंधन घालून घेईल तेवढंच. याचा अर्थ विरोधक ज्याला घाबरतात तो फास या कायद्यात नाहीच. आणि समर्थक ज्याच्या जोरावर ‘मासा वाचला’ म्हणतात तो जोरही त्यात नाही! सगळी भिस्त गावावर आहे.

ही भिस्त फोल नसते हे महाडजवळच्या वाळणकोंडीने दाखवलं आहे. काळ नदीच्या त्या डोहातले महसीर वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही. वनरक्षक नाही, तारेचं कुंपण नाही. पण देवराईच्या प्रेमात पडणाऱ्यांनी, मीही त्यातलाच, या उदाहरणाची मर्यादा ओळखावी. देवीचा धाक गळ आणि जाळं थांबवतो. वरून येणारी माती, कपड्यांचा साबण, उन्हाळ्यात आटणारा झरा यांना तो थांबवू शकत नाही. मोठा महसीर डोहात तग धरतो. खड्यांच्या फटीत राहणारा बोटभर मासा धरत नाही, कारण माती बसली की त्याचं घर आधी बुजतं. मासा कुणी पकडलेला नसतो, विकलेला नसतो. एका पावसाळ्यात वरच्या उतारावर रस्त्यासाठी डोंगर कापला जातो, पुढच्या उन्हाळ्यात फटी बुजलेल्या असतात.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसाच्या गावाला पाण्याची काय ददात, असं पावसाळी पर्यटकाला वाटतं. पण झऱ्याचं पाणी जूनमधल्या पावसावर ठरत नाही. वरच्या सड्यांनी, म्हणजे कातळाच्या पठारांनी, आणि जंगलाने ते पाणी किती मुरवून ठेवलं यावर मे महिन्यातला झरा ठरतो. सडा खणला, तिथे बंगल्यांची वसाहत आली, विंधनविहिरी पडल्या, की कुंडाला हात न लावताही कुंड आटतं. २.११ हेक्टरांच्या रेघेत हा सडा येत नाही. दुसरा धोका रेघेच्या आतच आहे आणि तो चांगल्या हेतूने येतो: सुशोभीकरण. निधी मिळाला की आपण पहिल्यांदा तळ काँक्रीटचा करतो, काठाला पेव्हर ब्लॉक बसवतो, गाळ काढायच्या नावाखाली खडेही काढून टाकतो. डास होतात म्हणून कुणी गप्पी सोडतं. यातलं एकही काम मासेमारी नाही, एकालाही बंदी नाही. हिरण्यकेशी इथून निघून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरच्या बाजूने कर्नाटकात घटप्रभेला मिळते. एवढ्या नदीचा उगम राखायचा की उगमावरचा फलक राखायचा?

ओळख पटवायचं काम संपलंय असंही नाही. पुण्याहून १८७२ मध्ये वर्णन झालेला एव्हझार्डी नावाचा असाच बोटभर मासा शंभरावर वर्षं सह्याद्रीभर एकच समजला जात होता. गेल्या काही वर्षांत त्याच्यातून एकेका खोऱ्यातल्या वेगळ्या प्रजाती बाहेर निघाल्या. ‘सगळीकडे आहे’ म्हणून ज्याची कुणाला चिंता नव्हती, तो प्रत्यक्षात अनेक लहान लहान, एकेका नदीपुरत्या माशांचा मेळा निघाला. त्यांच्या ओढ्यांना वारसास्थळाचा मान मिळेल की नाही मला माहीत नाही, आणि प्रत्येकासाठी मिळावा असा माझा हट्टही नाही. अशा शंभर रेघा आखण्यापेक्षा एका जागी झऱ्याच्या वरचं पूर्ण पाणलोट गावाच्या संमतीने राखून दाखवावं.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कायद्यात आहे, लोकजैवविविधता नोंदवही कायद्यात आहे. समितीतल्या दोन तरुणांना मानधन द्या, मासे न पकडता वरून मोजायला शिकवा, झऱ्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी बघायला एक पट्टी रोवा. सड्यावर कुठलंही बांधकाम मंजूर होण्याआधी त्या नोंदी ग्रामसभेपुढे आल्याच पाहिजेत, एवढा एक ठराव करा. बाहेरच्या संशोधकाला नमुना न्यायचा असेल तर त्याने समितीला आधी सांगावं आणि निष्कर्ष मराठीत आणून द्यावेत. आणि नोंदींची सुरुवात मे महिन्यात करा, सगळं हिरवंगार दिसत असताना जुलैत नको.